मतदानासाठी वर्ग देताना भिंतीवरची मुळाक्षरं झाकायची कशी?

द्विशिक्षकी शाळेतली बाई, करवीर तालुका

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. गाव पंचगंगेकाठचं, शाळा द्विशिक्षकी, दोन खोल्या आणि पुढं व्हरांडा. रस्त्याकडची खोली माझी. दार रुंद, समोर मोकळं अंगण, त्यामुळं दर निवडणुकीला मतदान केंद्र माझ्याच वर्गात असतं, मग ती ग्रामपंचायतीची असो, विधानसभेची असो नाहीतर लोकसभेची. दाराशेजारी काळ्या ऑइलपेंटनं केंद्राचा नंबर आणि गावाचं नाव कायमचं लिहिलेलं आहे. मुलं वाचायला लागली की आधी ती पाटी वाचून दाखवतात.

आता जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीसाठी माणसं खोली बघून गेली. म्हणून विचारते. वर्गाच्या भिंतीवर रंगवलेली मुळाक्षरं आणि चित्रं मतदानाच्या दिवशी झाकावी लागतात. रंगाला धक्का न लागता ती झाकायची कशी? आणि दुसऱ्या दिवशी खोली परत घेताना ती कुणाकडून, कशी घ्यायची? आपल्याकडं काय करता, ते अनुभवानं सांगा.

हे एवढं मनाला का लागलंय, तेही सांगते. २०१९ चा महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माझ्या वर्गात पाणी शिरलं, ते खिडकीच्या वर गेलं. कपाट, तक्ते, गोष्टीची पुस्तकं, सगळं चिखलात. सावरतो न सावरतो तोवर २०२१ ला पुन्हा तेच. गाळ काढला, भिंती वाळू दिल्या आणि मग गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून वर्ग रंगवून दिला. रंगवणारा पेंटर गावातलाच, एरवी उसाच्या ट्रॉल्यांवर नावं घालतो. त्यानं तीन रविवार बसून अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं काढली, प्रत्येकाशेजारी चित्र. ग गव्याचा, कारण दाजीपूर आपल्याच जिल्ह्यात. ऊ उसाचा, आणि तो ऊस नुसता हिरवा दांडका नव्हे, कांड्या मोजता येतील असा. पोरं खरंच मोजायची.

तर २०२४ ची विधानसभा. मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. १९ ला आमची खोली मतदान पथकाच्या ताब्यात गेली आणि मी स्वतः निवडणुकीच्या ड्यूटीवर शाहूवाडी मतदारसंघात, मलकापूरच्या पुढं घाटाच्या अंगाला. गुरुवारी सकाळी शाळा उघडली. बाक व्हरांड्यात एकावर एक चढवलेले होते, ते चालतं, लावून घेतो. पण भिंतीकडं बघितलं आणि तिथंच उभी राहिले.

मतदान केंद्रात कुठल्याच पक्षाचं चिन्ह दिसता कामा नये, हा नियम रास्तच आहे. आता पहिलीच्या वर्गात क म्हटलं की कमळ येणार, घ म्हटलं की घड्याळ, ध ला धनुष्यबाण, प ला पतंग, ह ला हत्ती. पथकानं ही पाच चित्रं वर्तमानपत्राच्या कागदानं झाकली होती आणि कागद खाकी चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बसवला होता. रात्री आवरताना ती पट्टी ओढून काढलेली. पुराची ओल खाल्लेली भिंत ती. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा आला आणि क च्या जागी तर गिलाव्याचाच ढपला निघाला. तळहाताएवढा. खाली फरशीवर त्याचे तुकडे पडले होते, त्यातल्या एका तुकड्यावर पाकळीचा गुलाबी रंग.

पहिलीतली एक मुलगी आहे, तिचं नाव क वरनं सुरू होतं. ती रोज आत आली की आधी त्या अक्षराला हात लावायची, मग जागेवर बसायची. त्या दिवशी ती भिंतीपाशी गेली, ढपल्यात बोट घालून बघितलं आणि विचारलं, "बाई, माझा क कुणी नेला?" मी पोस्टर कलरनं क काढून दिला. पण गिलावाच नाही तर रंग धरणार कुठं? पहिल्या पावसाळ्यात उतरला.

पथकावर माझा राग नाही, हे मनापासून लिहिते. कारण मतदानाच्या आदल्या रात्री मीही कुणाच्या तरी वर्गात पाहुणी होते. आम्ही दोघी बायका तिसरी-चौथीच्या वर्गात झोपलो, पुरुष मंडळी शेजारच्या खोलीत. त्या वर्गातल्या शिक्षकांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं: "खिडकीतल्या वाट्यांत मटकी पेरली आहे. मुलांचा प्रयोग आहे. कृपया हलवू नये. सकाळी चमचाभर पाणी घालावे." बघितलं तर खिडकीच्या कट्ट्यावर अकरा वाट्या, प्रत्येकीवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीनं मुलाचं नाव. साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान असतं, म्हणून आम्ही चारला उठलो होतो. यंत्रं जोडायच्या आधी मी वाट्यांत पाणी घातलं. दिवसभर मशीनचा बीप ऐकताना मधेच खिडकीकडं लक्ष जायचं. गर्दी वाढली तेव्हा एका आजोबांची काठी वाट्यांना लागेल असं वाटलं, म्हणून पोलीस दादांना सांगून रांग जरा अलीकडं घेतली.

पण संध्याकाळी? सहाला दार बंद केलं, रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटल्या, त्या सगळ्यांचं मतदान झालं, यंत्र बंद केलं, मतांच्या हिशोबाच्या १७ सी फॉर्मच्या प्रती उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिल्या, सील केलं. तोवर एसटी येऊन उभी, झोनल म्हणजे क्षेत्रीय अधिकारी साहेबांचे फोनवर फोन. आम्ही खोली झाडलीसुद्धा नाही. बाक होते तसे बाहेर. शाईचे बोळे, कागदाच्या पट्ट्या, जेवणाच्या पत्रावळ्या एका पोत्यात कोंबल्या आणि पोतं दाराआड ठेवून गेलो. घरी पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. त्या सरांनी सकाळी काय बघितलं असेल, हा विचार मला स्वतःच्या वर्गाचं दार उघडल्यावर आला.

म्हणून हा प्रश्न कुणाला दोष द्यायला नाही. माझ्या वर्गात सतरा मुलं बसतात. मतदानाला त्याच खोलीतून हजारावर माणसं जातात, आणि करवीर म्हणजे त्या निवडणुकीत ८५ टक्क्यांच्या जवळ मतदान झालेला मतदारसंघ. तो दिवस मला आवडतो. ज्या म्हाताऱ्या पालकसभेला कधी येत नाहीत, त्या त्या दिवशी नातवाचा बाक कुठला ते विचारतात. फक्त खोली दिली तशी परत मिळावी, एवढंच म्हणणं आहे.

---

निवृत्त गुरुजी, कागल

बाई, नमस्कार. तुमचं वाचून जुनं सगळं डोळ्यांसमोर आलं. मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातल्या कितीतरी निवडणुकांना केंद्राध्यक्ष होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

चिकटपट्टी भिंतीला लावूच द्यायची नाही. डिंक नाही, खळ नाही, काही नाही. आणि वर्तमानपत्र तर अजिबात नको. अहो, निवडणुकीच्या आठवड्यातला पेपर म्हणजे पानापानावर उमेदवाराचे फोटो आणि चिन्हं. झाकायला घेतलेल्या कागदावरच चिन्ह असलं तर उपयोग काय? माझ्या एका केंद्रावर प्रतिनिधीनं तीच हरकत घेतली होती आणि त्याचं बरोबर होतं. सगळे कागद काढून उलट्या बाजूचे तक्ते बांधावे लागले, मतदान सुरू व्हायला पाच मिनिटं असताना.

मी माझ्या शाळेत पडदा केला होता. भिंतीच्या वरच्या अंगाला, छताखाली वीतभर अंतर सोडून, दोन टोकांना दोन हुक मारायचे आणि त्यात बारीक तार ताणायची. साध्या कोऱ्या मांजरपाटाला वरनं नेफा शिवून घ्यायचा आणि तारेत ओवायचा. सगळी भिंत झाकली जाते. कुठलं चित्र चिन्हात येतं, कुठलं येत नाही, हा वादच राहत नाही. अपक्षांना शिट्टी, बॅट, कपबशी, शिलाई मशीन असली चिन्हं मिळतात, एकेक चित्र शोधत कुठं बसायचं? कापडही साधंच घ्या. फुलाफुलांचं घेतलंत तर पुन्हा तोच प्रश्न.

आता एक माझं सांगतो, कारण तुम्ही तुमचं सांगितलंत. १९९५ च्या विधानसभेची गोष्ट. तेव्हा मतपत्रिका आणि लोखंडी पेट्या. पेटी सील करायला लाख आणि मेणबत्ती. लाईट गेलेली, कंदिलाच्या उजेडात मी लाख वितळवत होतो, ती टपटप बाकावर पडली. बाक पोळला. मी नखानं खरवडून काढायचा प्रयत्न केला, डाग काही जाईना. घाईत तसाच सोडला. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच शाळेत बदली झाली. तो बाक होता. त्या काळ्या डागाभोवती पोरांनी कर्कटकानं सूर्य कोरला होता. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की हे माझ्या हातनं झालंय, आणि सुताराला बोलवून फळी बदलून घेतली.

म्हणून सांगतो, सील करायच्या टेबलावर अंथरायला एक जाड पुठ्ठा ठेवून द्या. लाख आणि मेणबत्ती अजून लागतेच. पुठ्ठा डोळ्यासमोर असला की माणूस वापरतो.

फळ्यावरच्या सूचनेची गोष्ट मात्र लाखमोलाची. ती चिठ्ठी कपाटात ठेवली असती तर कुणी वाचली नसती.

---

महसूलमधला एक, गडहिंग्लज

मॅडम, गुरुजींनी पडद्याचं सांगितलं ते उत्तम. मी कार्यालयाच्या बाजूनं थोडं सांगतो.

आधी हे लक्षात घ्या की लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोग. वरचं कार्यालय वेगळं, पण खाली तुमच्या दारात येणारी माणसं बहुतेक तीच: तलाठी, ग्रामसेवक, मतदार यादी बघणारे बीएलओ, क्षेत्रीय अधिकारी. क्षेत्रीय अधिकारी मतदानाच्या आधी केंद्राला भेट देऊन रॅम्प, पाणी, लाईट, स्वच्छतागृह, फर्निचर तपासतो. तुमची खरी वेळ ती. मतदानाच्या आदल्या दिवशी येणारं पथक दमलेलं असतं, त्याच्या हातात साहित्याची भली मोठी यादी असते, त्याला तुमची भिंत सांगून काही उपयोग नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्याला पडदा लावून दाखवा, "हे असं झाकणार" म्हणून सांगा आणि त्याच्या तपासणीच्या कागदावर नोंद करायला लावा. मग पथक वेगळं काही करत नाही.

ताब्याबद्दल. केंद्राध्यक्ष रात्री साहित्य घेऊन निघाला की तुमच्या खोलीत कुणीच उरत नाही. सकाळी सही कुणाची घ्यायची, हा तुमचा प्रश्न म्हणूनच खरा आहे. आमच्या भागात काही मुख्याध्यापक असं करतात: खोली देताना एका कागदावर काय काय आहे ते लिहितात, बाक किती, खुर्च्या किती, पंखा चालू, नळ चालू, काच फुटलेली नाही. मोबाईलवर चार भिंतींचे चार फोटो. त्या कागदावर तलाठी किंवा ग्रामसेवकाची सही. आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तासभर त्याच माणसाला बोलवायचं. ग्रामपंचायतीचा शिपाई आणि झाडू घेऊन. नुकसान असेल तर तिथल्या तिथं लिहायचं. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, पण कागद असला की बोलता येतं.

खाजगी इमारत निवडणुकीला घ्यायची तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १६० खाली अधिग्रहण करता येतं आणि कलम १६१ मध्ये भरपाईची तरतूद आहे. तुमची शाळा जिल्हा परिषदेचीच, तिथं भाडं वगैरे विषय येत नाही. पण रंगाचा खर्च कुणी करायचा, हे ग्रामपंचायतीकडं लेखी मागायला काहीच हरकत नाही.

आणि एक मनातलं. आम्हाला लोक विचारतात, शाळाच का? पोलीस ठाणं, दवाखाना, देऊळ-मशीद इथं केंद्र ठेवायचं नाही, असे आयोगाचे निर्देश आहेत. दोनशे मीटरच्या आत पक्षाचं कार्यालय नको. मतदाराला दोन किलोमीटरच्या वर चालावं लागू नये. खोली शक्यतो तळमजल्याची हवी. एवढं सगळं चाळून झालं की गावात उरतं काय? तुमची ती रस्त्याकडची खोली. त्या खोलीशिवाय आमचं पान हलत नाही. म्हणून ती नीट परत देणं हे आमचंच काम आहे, आणि आम्ही ते पुरतं करत नाही. हे मला मान्य आहे.

---

एक पालक, राजारामपुरी

पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. शाळा द्यायच्याच कशाला? माझा मुलगा चौथीला आहे. मतदान एक दिवसाचं असलं तरी आदला दिवस जातो, प्रशिक्षणाला बाई दोन-तीनदा जातात, दुसऱ्या दिवशी शिक्षक जागरणानं दमलेले. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना बाकीच्या कामाला लावायचं नाही म्हटलंय, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढं सोडून. म्हणजे निवडणूक सुटलेलीच आहे. मग निदान इमारत तरी दुसरी घ्या. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत, मंगल कार्यालयं आहेत, समाजाची सभागृहं आहेत. महापूर आला की शाळेत छावणी, कोरोना आला की शाळेत विलगीकरण, निवडणूक आली की शाळेत मतदान. सगळा भार शाळेनंच का उचलायचा? मी रागानं नाही विचारत, खरंच विचारतोय.

---

कुबडीवर चालणारी मतदार, शिवाजी पेठ

वरच्या दादांना सांगावंसं वाटलं म्हणून लिहिते.

मला लहानपणी पोलिओ झाला. आमच्या पेठेतल्या ज्या शाळेत मी शिकले, तिला रस्त्यापासून पाच पायऱ्या. दगडी, उंच, मधल्या पायरीला खळगा. पहिली ते चौथी वडील मला सकाळी उचलून आत नेऊन बसवायचे आणि दुकानात जायचे. मधल्या सुट्टीत पोरी बाहेर खेळायच्या, मी वर्गात. बाहेर जायचं म्हणजे कुणीतरी उचलायला हवं, आणि तेवढ्यासाठी कुणाला सांगायचं मला जमलं नाही. चार वर्षांत त्या शाळेचं मैदान मी खिडकीतूनच बघितलं.

पुढं मतदार झाले तर केंद्र त्याच शाळेत. पहिल्या एक-दोन मतदानांना भावानं आणि एका पोलिसानं खुर्चीसकट उचललं. मग एका वर्षी गेले तर पायऱ्यांच्या बाजूनं सिमेंटचा उतार केलेला, लोखंडी नळीचा कठडा लावलेला. मतदान केंद्राला रॅम्प पाहिजेच म्हणून केलेला. मी त्या उतारावरनं माझी मी वर गेले. कुबडी टेकत, सावकाश. आत जाऊन मतदान केलं आणि परत येताना सरळ मैदानावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. नळाजवळच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसले.

२०२४ ला चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदान करता येत होतं. बीएलओ ताई १२ डी चा फॉर्म घेऊन आल्या होत्या. मी भरला नाही. ज्यांना अंथरुणातनं उठता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय फार मोठी आहे. मला मात्र त्या उतारावरनं जायचं होतं.

आता त्याच शाळेत एक मुलगा व्हीलचेअरवर येतो. रोज. रॅम्प मतदानासाठी झाला, पण वर्षातनं मतदानाचा दिवस एखादा, बाकी दिवस तो उतार त्या पोराचा आहे. तेव्हा बाई, क्षेत्रीय अधिकारी आले की भिंतीबरोबर रॅम्पचं, नळाचं, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीचंही सांगा. त्या दिवसांत सांगितलेलं काम होतं. आणि रॅम्पवर मोटरसायकली लावू देऊ नका. आमच्याकडं मतदानाच्या दिवशीसुद्धा एक लावलेली होती.

---

द्विशिक्षकी शाळेतली बाई, करवीर तालुका

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं मी मुलांना वाचून दाखवलं. आमच्या रॅम्पच्या तोंडाशी एक फुटका हौद पडून आहे, तो काढायचं त्यांनीच सुचवलं. ग्रामपंचायतीला सांगितलंय.

राजारामपुरीच्या दादांनी विचारलं त्यावर मी दोन दिवस विचार केला. तुमचं शिक्षकांच्या वेळेबद्दलचं म्हणणं खरं आहे आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण इमारतीबद्दल मला वेगळं वाटतं. आमच्या गावात तालीम आहे. ती एका गल्लीची. समाजमंदिर आहे, ते एका समाजाचं. मंगल कार्यालय ज्यांचं आहे ते स्वतः राजकारणात आहेत. माझ्या वर्गात यायला मात्र गावातल्या कुणाचाही पाय अडखळत नाही, कारण तिथं त्यांची पोरं बसतात, नाहीतर ते स्वतः बसलेले असतात. कोल्हापुरात हे आपोआप झालेलं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१९ ला अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. एकाच खोलीत सगळ्यांनी यायचं, हे या गावांना आधी शाळेनं शिकवलं. रांगेत सरपंचांच्या मागं कोण उभं आहे, ते मी त्या दिवशी बघत असते. त्यामुळं ही खोली मतदानाला द्यायला मी कधीच नाही म्हणणार नाही.

आता काय केलं ते सांगते. रविवारी महाद्वार रोडवरनं नऊ मीटर मांजरपाट आणलं. भिंत मोजायचं काम दुसरीच्या मुलांना दिलं होतं, त्यांनी पट्टीनं मोजून बारा फूट चार इंच सांगितली, टेपनं मोजली तर बारा फूट दोन इंच. चुण्या पडायला हव्यात म्हणून कापड दोन पाटांचं घेतलं. गावातल्या शिलाईवाल्या काकूंनी नेफा घालून दिला, पैसे घेतले नाहीत. हुक मारायला शेजारचे सर चढले. ओल नसलेली जागा शोधायला वेळ लागला. डावीकडं दोनदा गिलावा भुसभुशीत लागला, मग हुक भिंतीऐवजी दरवाज्याच्या चौकटीच्या वरच्या लाकडात मारला.

क्षेत्रीय अधिकाऱ्यांना पडदा ओढून दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा ओढून बघितला, खिडकीतनं उजेड पडल्यावर चित्र आरपार दिसतं का तेही बघितलं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कमळाचा उरलेला गुलाबी रंग अंधूक दिसत होता. म्हणून मागं अस्तर म्हणून जुनी सतरंजी टांगायचं ठरलं. नोंद त्यांनी कागदावर घेतली. बाक, खुर्च्या, पंखा, नळ यांचा कागद तलाठी भाऊसाहेबांना दाखवला, ते सही करतो म्हणाले आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यायचं कबूल केलंय. गुरुजी, पुठ्ठाही ठेवलाय. नव्या टीव्हीच्या खोक्याचा आहे, जाड आहे.

फळ्यावर काय लिहायचं ते मुलांनाच विचारलं. "पाणी प्या, पेला परत ठेवा." "खडू वापरा पण मोडू नका." "गव्याला हात लावू नका, रंग निघतो." एक मुलगा म्हणाला, बाई, त्यांना सांगा आमच्या खोलीत झोपताना दक्षिणेच्या खिडकीजवळ झोपू नका, तिथनं मुंग्या येतात. तेही लिहिणार आहे.

शाहूवाडीच्या त्या शाळेचा नंबर मिळवून सरांशी बोलले. न झाडता गेलो त्याबद्दल मनापासून क्षमा मागितली. ते म्हणाले, खोलीचं जाऊ द्या, मटकीला पाणी कुणी घातलं होतं? मी सांगितलं. अकराच्या अकरा वाट्यांना मोड आले होते म्हणाले.

पेंटर येत्या रविवारी येणार आहे. गिलावा आधी भरावा लागेल, मग प्रायमर, मग रंग. क आधी घ्यायला सांगितलंय. ओला रंग कापडाला लागू नये म्हणून तो पूर्ण वाळेपर्यंत पडदा तारेवर चढवणार नाही.